हा बदल नेमका कधी झाला? गिटच्या इतिहासात जुना कोड शोधताना

कोड वाचता वाचता शंका येते ती साधारण अशी: ही ओळ पूर्वी अशी नव्हती, मग बदलली कधी? किंवा त्याहून अवघड: इथे एक तपासणी होती, ती गेली कुठे? बदल कमिट झाला असेल, म्हणजे गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणारं साधन) एक टप्पा म्हणून नोंदवला असेल, तर उत्तर रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या गिटमधल्या साठ्यात असतं. पण बहुतेक जण गिट लॉग, म्हणजे कमिटची यादी, उघडतात आणि कमिटचे संदेश वाचत खाली खाली सरकत राहतात. शे-दोनशे कमिटपर्यंत हे निभावतं. त्यापुढे डोळे थकतात, आणि संदेशात नुसतं 'किरकोळ दुरुस्ती' लिहिलेलं असेल तर डोळे थकूनही हाती काही लागत नाही.

गिटमध्ये शोधायचे पाच-सहा मार्ग आहेत. कोणता धरायचा हे तुम्हाला आधीपासून काय ठाऊक आहे त्यावर ठरतं: मजकूर ठाऊक आहे, फाइलमधली जागा ठाऊक आहे, की काहीतरी बिघडलंय एवढंच ठाऊक आहे. प्रत्येक मार्गाला काही गोष्टी मुळात दिसतच नाहीत. त्यामुळे शोधाचं उत्तर रिकामं आलं याचा अर्थ बदल झालाच नाही असा होत नाही. पुष्कळदा अर्थ एवढाच असतो की प्रश्न भलत्या आज्ञेला विचारला.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं: खालच्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अक्षरं आणि अंक अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे. गिटमध्ये कॅपिटल एस आणि स्मॉल एस हे दोन वेगळे पर्याय आहेत, म्हणून जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी इतिहास पुरता हाताशी आहे का ते पाहा

ही पायरी बरेच जण गाळतात. बिल्ड सर्व्हरवर किंवा घाईत घेतलेला क्लोन (रिपॉझिटरीची प्रत) अनेकदा उथळ असतो, म्हणजे फक्त शेवटचा एखादा कमिट उतरवलेला. अशा क्लोनमध्ये काहीही शोधा, सगळं त्या एकाच कमिटच्या नावावर दिसणार. तपासायला:

गिट रेव्ह-पार्स --इज-शॅलो-रिपॉझिटरी

उत्तर 'ट्रू' आलं तर 'गिट फेच --अनशॅलो' चालवून उरलेला इतिहास आणा. उथळपणाची खूण ब्लेममध्येही (प्रत्येक ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) दिसते: प्रत्येक ओळीपुढे तोच हॅश, म्हणजे कमिटची ओळखखूण, आणि त्याच्या आधी टोपीचं चिन्ह (^).

क्लोन करताना फाइलींचा मजकूर वगळला असेल, म्हणजे '--फिल्टर=ब्लॉब:नन' वापरलं असेल, तर साधा लॉग झपाझप चालतो, पण मजकुराचा शोध लावला की गिट एकेक फाइल सर्व्हरवरून मागवत बसतं. मोठ्या शोधासाठी पूर्ण क्लोन घेतलेला बरा.

आणि इतिहास मुळात तिथून सुरूच होत नसेल तर? लिनक्स कर्नलच्या मुख्य रिपॉझिटरीत गिटचा इतिहास एप्रिल २००५ मध्ये, २.६.१२-आरसी२ या आवृत्तीपासून सुरू होतो. त्याआधीच्या ओळींना ब्लेम लावला की सगळे धागे त्या पहिल्या कमिटपाशी येऊन थांबतात. दुसऱ्या प्रणालीतून गिटवर आलेल्या कोणत्याही प्रकल्पात अशी भिंत असू शकते. भिंतीपलीकडचं पाहायला जुनी रिपॉझिटरीच उघडावी लागते, किंवा ती आणून 'गिट रिप्लेस --ग्राफ्ट'ने जोडावी लागते.

शेवटचं म्हणजे, गिट लॉग आपण उभे आहोत त्या शाखेचे (कामाच्या स्वतंत्र धाग्याचे) पूर्वज कमिटच पाहतो. बदल दुसऱ्या शाखेत असेल तर तो दिसणार नाही. आधी 'गिट फेच' करा आणि शोधात '--ऑल' घाला.

मजकूर ठाऊक असेल तर

बहुतेक शोध इथेच मिटतात, म्हणून इथे जरा थांबू.

गिट प्रत्येक कमिटला फाइलींचं पूर्ण चित्र साठवतं, फरक साठवत नाही. आपण मागतो तेव्हा दोन चित्रांची तुलना करून फरक काढला जातो. कॅपिटल एसचा पर्याय या तुलनेत एकच गोष्ट मोजतो: दिलेला मजकूर त्या फाइलमध्ये आधी किती वेळा होता आणि नंतर किती वेळा आहे. आकडा बदलला तर कमिट दाखवायचा, नाहीतर नाही. गिटच्या दस्तऐवजात याला पिकअ‍ॅक्स म्हणतात.

उदाहरण घेऊ. वापरकर्ते तक्रार करताहेत की तीन मिनिटांत लॉगआउट होतं. सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'सेशन_टाइमआउट = १८०' आहे. सेकंदांत तीन मिनिटं, बरोबर. पण पूर्वी ते १८०० होतं असं तुम्हाला पक्कं आठवतंय. तर शोधू:

गिट लॉग -एस 'सेशन_टाइमआउट' --ऑल --वनलाइन

दोन-तीन कमिट येतात: ते नाव पहिल्यांदा लिहिलं तो, आणि दुसऱ्या फाइलींत ते वापरायला सुरुवात झाली ते. आकडा बदलल्याचा कमिट यात नाही, कारण नाव आधीही एकदा होतं आणि नंतरही एकदाच आहे. मोजणीच्या नजरेतून काहीच घडलं नाही.

आता कॅपिटल जी:

गिट लॉग -जी 'सेशन_टाइमआउट' --ऑल -पी

हा पर्याय मोजणी करत नाही. फरकात वाढलेल्या किंवा गेलेल्या ओळींपैकी एखादी नमुन्याशी जुळते का, एवढंच पाहतो. आकडा बदलला म्हणजे जुनी ओळ गेली आणि नवी आली, दोन्हींत नाव आहे, म्हणून कमिट सापडतो. मग कायम हाच का नको? कारण ओळ चार स्पेस आत सरकवली तरी तो कमिट यात येतो, आणि प्रत्येक वेळी फरक काढावा लागत असल्याने मोठ्या रिपॉझिटरीत हा शोध रेंगाळतो. मी आधी एस लावतो. त्यात आलं नाही की जी.

यातच एक बारीक खोच आहे. आकडा बदलला हे माहीत असल्यामुळे कोणी एसलाच असा शोध देईल:

गिट लॉग -एस 'टाइमआउट = १८०' --ऑल

आणि आकडा बदलल्याचा कमिट पुन्हा गायब! 'टाइमआउट = १८०' हा तुकडा 'टाइमआउट = १८००' च्या आतही आहे. आधी एकदा, नंतर एकदा, मोजणी तीच. जुनी किंमत शोधली असती, म्हणजे 'टाइमआउट = १८००', तर ती एकवरून शून्यावर गेली असती आणि कमिट लगेच समोर आला असता. म्हणून किंमत बदलल्याचा संशय असेल तर आत्ताची नव्हे, जुनी किंमत शोधा. जुनी आठवत नसेल तर '--पिकअ‍ॅक्स-रेजेक्स' जोडून नमुन्याच्या शेवटी डॉलरचं चिन्ह द्या, म्हणजे ओळ १८० वरच संपते आहे याची खात्री होते. नमुना एकेरी अवतरणात ठेवा, नाहीतर शेल त्या डॉलरचा स्वतःच काहीतरी अर्थ लावतं.

तुकडा निवडतानाही थोडं डोकं लागतं. अख्खी ओळ देऊ नका. मधली एक स्पेस बदलली असली तरी शोध फसतो. नाव, चुकीच्या संदेशातला विचित्र शब्द, एखादा अनोखा आकडा असं छोटं पण दुर्मीळ काहीतरी घ्या.

कमिट पुष्कळ आले तर '--रिव्हर्स' लावून सर्वांत जुना वर आणा. एस किंवा जीबरोबर स्मॉल पी दिला की फक्त जुळलेल्या फाइलींचाच फरक दिसतो. कमिटमधल्या बाकी फाइलीही पाहायच्या असतील तर '--पिकअ‍ॅक्स-ऑल' द्या. बदलाचं कारण पुष्कळदा शेजारच्या फाइलमध्ये बसलेलं असतं, टेस्टच्या फाइलमध्ये तर हमखास.

जागा ठाऊक असेल तर

गिट ब्लेम सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेक जण त्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. ब्लेम सांगतं ते इतकंच: या ओळीला शेवटचा हात कोणी लावला. कोणी फॉरमॅटर चालवून पाच हजार ओळींची मांडणी बदलली असेल तर त्या पाच हजार ओळी त्याच्या नावावर. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

गिट ब्लेम -डब्ल्यू -एम -सी -- सेटिंग्ज.पाय

इथे डब्ल्यू स्मॉल, एम आणि सी कॅपिटल. डब्ल्यू स्पेसमधले बदल दुर्लक्षितो, एम त्याच फाइलमध्ये हललेल्या ओळी ओळखतो, सी त्याच कमिटमध्ये बदललेल्या दुसऱ्या फाइलींतून आलेल्या ओळींचा माग काढतो. सी तीनदा दिला तर तो कोणत्याही कमिटमधल्या फाइली धुंडाळतो. वेळ खातो, पण मोठी फाइल फोडून चार केल्या असतील तेव्हा त्याला पर्याय नाही.

फॉरमॅटरचा तो एक कमिट कायमचाच वगळायचा असेल तर त्याचा पूर्ण हॅश एका फाइलमध्ये लिहून '--इग्नोर-रेव्ह्स-फाइल'ने ती फाइल ब्लेमला द्या. ही सोय २०१९ मध्ये गिट २.२३ पासून आली. 'ब्लेम.इग्नोररेव्ह्सफाइल' ही सेटिंग केली की दरवेळी लिहावं लागत नाही.

तरीही हवा तो बदल त्याच्याही आधीचा निघाला तर? हॅशपुढे टोपीचं चिन्ह लावून त्याच्या आधीच्या स्थितीवर ब्लेम चालवा, मग पुन्हा त्याआधीच्या. हे हातानं करण्यापेक्षा लॉगचा कॅपिटल एल सोयीचा:

गिट लॉग -एल ४०,६०:सेटिंग्ज.पाय

चाळीस ते साठ या ओळींचं पूर्ण चरित्र, फक्त तेवढ्याच भागाच्या फरकांसह. वर ओळी वाढल्या-घटल्या तरी गिट मागे जाताना आकडे स्वतः सावरून घेतं. ओळींऐवजी फंक्शनचं नावही चालतं:

गिट लॉग -एल :टाइमआउट_तपासा:सेटिंग्ज.पाय

फंक्शन कुठे संपतं हे गिटला नीट कळत नसेल, तर गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये त्या प्रकारच्या फाइलींना भाषा नेमून द्या. पायथनसाठी 'डिफ=पायथन' असं. त्यानंतर निकाल बराच सुधारतो.

ब्लेमला दिसत नाही ती गोष्ट उघड आहे, तरी विसरली जाते: पुसलेली ओळ. जी ओळ आज नाही तिच्यापुढे नाव कसं छापणार? ओळ शेवटची कुठे होती ते विचारायचं असेल तर उलटा ब्लेम आहे:

गिट ब्लेम --रिव्हर्स जुनाहॅश..हेड -- सेटिंग्ज.पाय

इथे हेड म्हणजे आपण आत्ता उभे आहोत तो कमिट. यात दिसणारा हॅश ओळ पुसणाऱ्याचा नसतो. ओळ जिवंत असलेला शेवटचा कमिट तो. पुसणारा त्याच्या लगेच पुढचा.

फाइलच गायब असेल तर

हे सोपं आहे. पूर्ण पथ आठवत नसला तरी चालेल:

गिट लॉग --ऑल --डिफ-फिल्टर=डी --समरी -- '*निर्यात*'

डी कॅपिटल. नावात तो शब्द असलेल्या, पुसल्या गेलेल्या सगळ्या फाइली येतात. पुसण्याच्या आधीचा मजकूर 'गिट शो हॅश^:पथ' असं लिहून वाचता येतो.

फाइल पुसली नसून तिचं नाव बदललं असेल तर '--फॉलो' लावा. तो एका वेळी एकाच फाइलवर चालतो. गिट नावबदलाची नोंद ठेवत नाही. दोन फाइली निदान ५० टक्के सारख्या दिसल्या तर नाव बदललं असं मानतं. त्याच कमिटमध्ये नाव बदलून निम्म्याहून जास्त मजकूरही बदलला असेल तर साखळी तिथे तुटते. मग नव्या फाइलच्या पहिल्या कमिटमध्ये कोणती फाइल पुसली गेली ते डोळ्यांनी पाहायचं आणि तिचा इतिहास वेगळा काढायचा.

मर्जमध्ये हरवलेली ओळ

सर्वांत चकवणारा प्रकार हा. लक्षण ओळखा: एसच्या शोधात ओळ जोडल्याचा कमिट दिसतो, काढल्याचा कोणताच दिसत नाही, आणि ओळ आज फाइलमध्ये नाही. हे तिन्ही जुळलं की मर्जवर संशय घ्या.

होतं असं. दोन शाखा एकत्र जोडताना, म्हणजे मर्ज करताना, एकाच जागी दोन वेगळे बदल सापडून संघर्ष येतो, सोडवणारा माणूस एका बाजूचा मजकूर ठेवतो, दुसऱ्या बाजूची ओळ त्यात गळून जाते. ती मर्ज कमिटमध्येच नाहीशी झाली. पण गिट लॉग मर्ज कमिटचे फरक आपणहून काढत नाही, त्यामुळे एसचा शोधही मर्जला हात न लावता पुढे जातो.

शोधात फाइलचं नाव दिलं असेल तर गुंता वाढतो. मर्जनंतरची फाइल एका पालकातल्या (जोडलेल्या कमिटपैकी एकातल्या) फाइलशी तंतोतंत जुळत असेल, तर गिट फक्त त्याच पालकाच्या वाटेनं मागे जातं आणि दुसरी शाखा सोडून देतं. म्हणजे ज्या शाखेत ओळ जोडली ती शाखाच यादीतून बाद. ओळ कधी अस्तित्वातच नव्हती असं वाटावं इतका चोख रिकामा निकाल येतो.

दोन्ही अडचणींवर एकच आज्ञा:

गिट लॉग -एम --फुल-हिस्टरी -एस 'रिकामे_सत्र_नाकारा' -- सेटिंग्ज.पाय

इथला एम स्मॉल आहे. कॅपिटल एमचा अर्थ नावबदल ओळखणं, आणि चुकून तो दिला तर आज्ञा बिनतक्रार चालते आणि मर्ज पुन्हा निसटतो. स्मॉल एममुळे प्रत्येक मर्जची तुलना त्याच्या प्रत्येक पालकाशी होते. यात कचरा येतो, कारण शाखेतून ओळ नीट आत आणणारे मर्जही दिसतात. यादी खालून वर वाचत या आणि प्रत्येक मर्जपाशी 'गिट शो हॅश:सेटिंग्ज.पाय' करून ओळ आहे का ते बघा. जिथे ती नाहीशी होते तो तुमचा मर्ज.

मर्ज सापडला की:

गिट शो --रीमर्ज-डिफ मर्जहॅश

गिट तो मर्ज पुन्हा स्वतः करून पाहतं आणि माणसानं त्यात काय वेगळं केलं तेवढंच दाखवतं. संघर्षाच्या खुणांपासून अंतिम मजकुरापर्यंत. २०२२ मध्ये आलेल्या २.३६ पासून ही सोय आहे आणि माझ्या मते अलीकडच्या काळात गिटमध्ये आलेली शोधासाठीची ही सर्वांत कामाची भर आहे.

फक्त वागणूक बिघडल्याचं ठाऊक असेल तर

मजकूरही माहीत नाही, जागाही नाही. मागच्या आवृत्तीत चालत होतं, आता चालत नाही. इथे बायसेक्ट.

गिट बायसेक्ट स्टार्ट
गिट बायसेक्ट बॅड
गिट बायसेक्ट गुड व्ही२.४

गिट मधला कमिट उघडतं, तुम्ही तपासून गुड किंवा बॅड सांगता, उरलेला पट्टा अर्धा होतो. हजार कमिट असले तरी साधारण दहा तपासण्यांत काम होतं. तपासणी स्क्रिप्टमध्ये बसत असेल तर तेही नको:

गिट बायसेक्ट रन ./तपास.एसएच

स्क्रिप्टनं शून्य परत दिलं तर गुड, १ ते १२७ पैकी काही दिलं तर बॅड. अपवाद १२५ चा: त्याचा अर्थ 'हा कमिट तपासता येत नाही, वगळा'. बिल्डच मोडत असेल तिथे १२५ द्या, नाहीतर बिल्ड मोडणारा निरपराध कमिट दोषी ठरेल. १२७ च्या वरचा आकडा आला तर बायसेक्ट मध्येच थांबतं. स्क्रिप्ट रिपॉझिटरीच्या बाहेर ठेवा. आत कमिट केलेली असेल तर जुन्या कमिटवर गेल्यावर तीही जुनी होते किंवा नाहीशी होते.

सुरुवातीला दोन्ही टोकं स्वतः तपासून घ्या. 'व्ही२.४ मध्ये चालत होतं' हे अनेकदा ऐकीव असतं. आणि कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट असेल तर स्क्रिप्टमध्ये ती अनेकदा चालवून मगच निकाल द्या. एका चुकीच्या उत्तरानं बायसेक्ट पूर्ण खात्रीनं भलत्याच कमिटवर नेऊन सोडतं.

बिघाड नसून सुधारणा कधी झाली ते शोधायचं असेल तर गुड-बॅडऐवजी ओल्ड-न्यू वापरा. डोक्याचा गोंधळ वाचतो. संपल्यावर 'गिट बायसेक्ट रिसेट' विसरू नका.

कमिट कुठल्याच शाखेत नसेल तर

रीबेस, अमेंड किंवा हार्ड रिसेटमध्ये (इतिहास नव्यानं लिहिणाऱ्या किंवा मागे नेणाऱ्या आज्ञा) कमिट सुटला असेल तर '--ऑल'लाही तो दिसत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं होऊ नये म्हणून आधी 'गिट स्टॅश लिस्ट', म्हणजे तात्पुरत्या बाजूला ठेवलेल्या बदलांची यादी, पाहा. मग रिफलॉग, म्हणजे आपण कधी कोणत्या कमिटवर होतो याची गिटनं ठेवलेली नोंद:

गिट लॉग -जी -एस 'सेशन_टाइमआउट'

इथे जी स्मॉल आहे, म्हणजे रिफलॉगमधून चाला. एस कॅपिटलच. आपण ज्या ज्या कमिटवर उभे होतो त्या सगळ्यांत शोध होतो. रिफलॉगच्या नोंदी मूळ सेटिंगनुसार ९० दिवस राहतात, पण शाखेच्या टोकापासून आता पोचता न येणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवसच. रीबेसमध्ये हरवलेलं काम नेमकं दुसऱ्या प्रकारात मोडतं, तेव्हा उशीर करू नका. रिफलॉग त्या त्या संगणकापुरता असतो. सहकाऱ्यानं उडवलेला कमिट त्याच्याच संगणकावर शोधावा लागेल. टाकून दिलेला स्टॅश हवा असेल तर 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' अनाथ कमिटची यादी देतं.

सापडल्यावर

बदल कोणत्या प्रकाशनापर्यंत पोचला ते 'गिट टॅग --कंटेन्स हॅश' सांगतं, कोणत्या शाखांत आहे ते 'गिट ब्रँच -ए --कंटेन्स हॅश'. चेरी-पिक झालेल्या, म्हणजे एका शाखेतून दुसरीत उचलून नेलेल्या बदलाला मात्र नवा हॅश मिळतो, म्हणून या यादीत नसलेल्या प्रकाशनातही तोच बदल असू शकतो. एस किंवा जीचा शोध '--ऑल'सह पुन्हा चालवा. एकच संदेश दोन हॅशवर दिसला तर बहुधा चेरी-पिक झालं आहे.

तारखेनं गाळताना '--सिन्स' आणि '--अन्टिल' कमिट करणाऱ्याची तारीख पाहतात, लॉगमध्ये मात्र लेखकाची तारीख छापली जाते. रीबेस झालेल्या कमिटमध्ये या दोन तारखांत महिन्यांचं अंतर असू शकतं. मार्चचा म्हणून छापलेला कमिट मार्चच्या गाळणीत येत नसेल तर '--फॉरमॅट=फुलर' लावून दोन्ही तारखा बघा.

आणि तो बदल पुढे मागे घेतला गेला होता का, हेही पाहून घ्या. गिट रिव्हर्ट स्वतःच्या संदेशात मूळ कमिटचा पूर्ण हॅश लिहितं, तेव्हा 'गिट लॉग --ऑल --ग्रेप=हॅश' एवढं पुरतं. हॅश इथे सुरुवातीची सात-आठ अक्षरं दिली तरी चालतो, कारण संदेशात तो तुकडा जुळतोच.